एसटीतली ज्येष्ठ आणि दिव्यांग सवलत: घरी काय तयारी करायची, गाडीत काय करायचं

एसटीत ज्येष्ठांना फुकट प्रवास आहे, हे गावागावात माहीत आहे. तो नेमका कोणाला आहे, कुठपर्यंत आहे आणि हातात कोणता कागद लागतो, इथे मात्र रोज कोणाची तरी फजिती होते. गाडीत कंडक्टरशी होणाऱ्या वादांचं मूळ बहुतेक वेळा गाडीत नसतंच. आधारवर नुसतं जन्मवर्ष छापलेलं असतं, दिव्यांग कार्डाची मुदत संपून गेलेली असते, नाहीतर पिशवीत झेरॉक्स असते आणि मूळ कार्ड कपाटात. वाद सुरू झाला की सगळी गाडी प्रवाशाच्या बाजूने बोलते, आणि नियम कंडक्टरच्या बाजूने असतो.

हा लेख मुख्यतः महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या, म्हणजे आपल्या एसटीच्या गाड्यांपुरता आहे. शहर बसचं शेवटाकडे थोडक्यात सांगितलं आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. फक्त वयाची सवलत हवी असेल, तर चौथा टप्पा सोडून पुढे गेलात तरी चालेल.

टप्पा १: तुमची सवलत कोणती, ते आधी ठरवा

बहुतेक जण "पास काढायचाय" म्हणत थेट डेपोत जातात आणि खिडकीवरून परत पाठवले जातात. म्हणून आधी आपण कोणत्या गटात बसतो ते बघा.

वयाची ७५ वर्षं पूर्ण झालेल्या व्यक्तीला अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेत भाडं शून्य आहे. ही योजना ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झाली. साधी लालपरी असो वा वातानुकूलित गाडी, एसटीच्या सगळ्या प्रकारांना ती लागू आहे.

६५ पूर्ण आणि ७५ च्या आत असाल तर निम्मं भाडं. हेही सगळ्या प्रकारच्या गाड्यांत.

महिलांना १७ मार्च २०२३ पासून, वय कितीही असो, महिला सन्मान योजनेत निम्मं भाडं आहे. म्हणजे ६८ वर्षांच्या बाईंना वय सिद्ध केल्याने जास्त काही मिळत नाही. त्यांच्यासाठी वयाचा पुरावा महत्त्वाचा होतो तो ७५ पूर्ण झाल्यावर.

दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर साध्या आणि निमआराम गाडीत भाड्यात ७५ टक्के सूट, शिवशाहीत ७० टक्के. दिव्यांगत्व ६५ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर सोबतच्या एका साथीदारालाही सूट मिळते: साध्या आणि निमआराम गाडीत ५० टक्के, शिवशाहीत ४५.

इथे दोन गैरसमज घट्ट रुजले आहेत. पहिला, "दिव्यांगांना एसटी फुकट आहे". नाही. शंभर रुपयांच्या तिकिटाला पंचवीस रुपये द्यावे लागतात. काही शहर बससेवांत दिव्यांगांना मोफत पास मिळतो, त्यावरून हा घोळ होतो. दुसरा गैरसमज साठीचा. राज्याच्या अनेक योजनांत ६० वर्षांची व्यक्ती ज्येष्ठ मानली जाते, पण एसटी ६५ धरते. ६२ वर्षांच्या पुरुषाला वयावर काहीही मिळत नाही, मग ज्येष्ठ नागरिक संघाचं ओळखपत्र गळ्यात असलं तरी. आणि रेल्वेशी तर तुलनाच करू नका. तिथली ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये थांबवली, त्या अटी डोक्यातून काढून टाका.

एका वेळी एकच सवलत मिळते. महिला म्हणून निम्मं आणि दिव्यांग म्हणून उरलेल्यातून आणखी ७५ टक्के, असा हिशेब नाही. जी जास्त फायद्याची ती मागायची. ७० वर्षांच्या दिव्यांग गृहस्थांनी साध्या गाडीत दिव्यांग सवलत मागावी, कारण ७५ टक्के सूट निम्म्यापेक्षा बरी. तेच गृहस्थ ७५ पूर्ण झाले की दिव्यांग कार्ड खिशातच राहू द्यावं आणि वयाचा पुरावा दाखवावा. साथीदाराचंही तसंच. शिवशाहीत सोबत बायको, मुलगी किंवा सून असेल तर साथीदार म्हणून ४५ टक्के घेण्यापेक्षा महिला म्हणून ५० टक्के घ्यावी.

सिकलसेल, हिमोफिलिया, डायलिसिस आणि एचआयव्हीच्या रुग्णांसाठी एसटीत साध्या गाडीची वेगळी पूर्ण सवलत आहे. सिकलसेल आणि हिमोफिलिया हे दिव्यांगत्वाच्या कायद्यातल्या २१ प्रकारांतही येतात, त्यामुळे घरची मंडळी दिव्यांग कार्डाच्या मागे लागतात आणि ७५ टक्क्यांवर समाधान मानतात. अशा रुग्णांनी आधी उपचार सुरू असलेल्या सरकारी रुग्णालयात आणि जवळच्या आगारात रुग्ण सवलतीची चौकशी करावी.

> तपासा: एका कागदावर प्रवाशाचं वय, दिव्यांगत्वाची टक्केवारी आणि नेहमीच्या गाडीचा प्रकार लिहा. त्यासमोर मागायची एकच सवलत लिहा. पुढची सगळी कागदपत्रं त्या एका सवलतीसाठी जमवायची आहेत.

टप्पा २: वय नीट मोजा

आपल्याकडे वय "लागलं" असं सांगतात. पंचाहत्तरावं लागलं म्हणजे चौऱ्याहत्तर पूर्ण झाली. एसटी पूर्ण झालेली वर्षं मोजते. १० जून १९५१ चा जन्म असेल तर १० जून २०२६ ला पंचाहत्तर पूर्ण होतात. ९ जूनच्या गाडीत निम्मं तिकीट, १० जूनच्या गाडीत शून्य.

वाढदिवसाच्या आसपासचं आरक्षण करताना वय प्रवासाच्या दिवसाचं बघा. शक्य असेल तर प्रवास चार दिवस पुढे ढकला, वादाचा प्रश्नच येत नाही.

गावाकडच्या पिढीची खरी जन्मतारीख आणि कागदावरची तारीख यांत अनेकदा दोन-तीन वर्षांचा फरक असतो. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहून टाकलेला असतो. गाडीत कागदावरची तारीखच चालते. "खरं वय ७७ आहे हो" याला कंडक्टर काही करू शकत नाही.

टप्पा ३: ओळखपत्र जुळवा

वयाच्या सवलतीसाठी वेगळा अर्ज करावा लागत नाही. जन्मतारीख असलेलं सरकारी ओळखपत्र दाखवायचं: आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट, यांपैकी कोणतंही एक. मोबाइलमधलं एम-आधार आणि डिजिलॉकरमधलं ओळखपत्रही चालतं.

आता घरातली सगळी ओळखपत्रं टेबलावर मांडा आणि पुढच्या गोष्टी बघा.

*पूर्ण तारीख आहे का?* जुन्या आधारवर अनेकांचं नुसतं जन्मवर्ष आहे. १९५१ एवढंच छापलं असेल, तर २०२६ सालात पंचाहत्तर पूर्ण झाली की नाही हे कंडक्टरने कशावरून ठरवायचं? पॅन कार्डावर दिवस, महिना, वर्ष पूर्ण असतं. तारीख बरोबर असेल तर सरळ पॅन बाळगा. आधार दुरुस्तीच्या रांगेत उभं राहायची गरज नाही.

*दोन कार्डांवर दोन तारखा आहेत का?* हे फार घरांत आढळतं. मतदार कार्डावर एक, आधारवर दुसरी. गाडीत दोन्ही काढून दाखवलीत की संशय आलाच. सवलतीला पात्र ठरवणारं आणि इतर कागदांशी जुळणारं एकच कार्ड प्रवासासाठी ठरवून ठेवा.

*आधारवरची तारीख चुकीची असेल तर?* आधार केंद्रावर पुराव्यासह दुरुस्ती होते, पण जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते. म्हणून घाईने जाऊ नका. जन्मदाखला, पासपोर्ट, बोर्डाची गुणपत्रिका, निवृत्तिवेतनाचे कागद, यांत जे सगळ्यात भक्कम आणि इतर कागदांशी जुळणारं आहे तेच न्या. दुरुस्तीचं शुल्क १ ऑक्टोबर २०२५ पासून ७५ रुपये आहे. पावती घ्या. तीवरच्या नोंदणी क्रमांकावरून दुरुस्ती झाली की नाही ते कळतं.

> सावध: "दोन वर्षं वाढवून आधार करून देतो" म्हणणारे स्टँडच्या आसपास भेटतात. तो बनावट दस्तऐवज होतो आणि बाळगणारा अडकतो. आधारवरचा क्यूआर कोड स्कॅन केला की खरी तारीख समोर येते. शंभर-दीडशे रुपयांच्या तिकिटासाठी म्हाताऱ्या माणसाला पोलीस चौकीत बसवू नका.

*मूळ कार्ड हाताशी आहे का?* झेरॉक्स चालत नाही. मोबाइलच्या गॅलरीत काढून ठेवलेला आधारचा फोटोही चालत नाही. डिजिलॉकर म्हणजे ते अॅप उघडून त्यातलं कार्ड दाखवणं, मुलाने व्हॉट्सअॅपवर पाठवलेलं चित्र नव्हे. शिवाय घाटात नेटवर्क जातं, आणि गावाहून परतताना फोनची बॅटरी संपलेली असते. मोबाइलवर विसंबायचं ते पर्याय म्हणून. आधारचं प्लास्टिकचं कार्ड आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून मागवता येतं, ते पाकिटात राहतं आणि घामाने खराब होत नाही. गल्लीतल्या दुकानात लॅमिनेट केलेलं कार्ड असेल तर निदान त्यावरचा क्यूआर कोड पुसट झालेला नाही ना, एवढं बघा.

एसटी सवलतधारकांसाठी कार्डांची नोंदणीही काढते. अशी नोंदणी जाहीर झाली की ती आगारात किंवा महामंडळाने नेमलेल्या केंद्रावरच करा. घरोघरी फॉर्म वाटणाऱ्यांकडे आधारची प्रत आणि अंगठा देऊ नका. एसटीचं सवलतीचं जुनं स्मार्ट कार्ड घरात असेल तर त्याच्या भरवशावर आधार घरी ठेवू नका, दोन्ही सोबत असू द्या.

> तपासा: निघण्याच्या आदल्या रात्री मूळ ओळखपत्र हाताच्या पिशवीत, वरच्या कप्प्यात. टपावर किंवा डिकीत जाणाऱ्या बॅगेत नाही.

टप्पा ४: दिव्यांगांसाठी यूडीआयडी कार्ड

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून जरा सावकाश.

वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी, हे केंद्र सरकारचं देशभर चालणारं कार्ड आहे. त्यावर १८ अंकाक्षरांचा क्रमांक, दिव्यांगत्वाचा प्रकार, टक्केवारी आणि मुदत असते. ४० टक्क्यांच्या आत पांढरा पट्टा, ४० ते ८० च्या आत पिवळा, ८० आणि वर निळा. रंगावर जाऊ नका. पिवळा पट्टा ४५ टक्क्यांनाही असतो आणि ७० टक्क्यांनाही. साथीदाराची सवलत ६५ पासून सुरू होते. त्यामुळे "माझंही पिवळंच आहे, त्याच्या साथीदाराला दिलं मग माझ्या का नाही?" हा वाद आकडा वाचला की मिटतो.

जुनं कागदी प्रमाणपत्र, सिव्हिलच्या जुन्या संगणक प्रणालीतून निघालेलं प्रमाणपत्र, समाजकल्याण कार्यालयाचं जुनं सवलत कार्ड, यांतलं काही घरात असेल तर फेकू नका. अर्जासोबत ते जोडावं लागतं. पण प्रवासासाठी यूडीआयडी करून घ्या.

*४.१ अर्ज.* यूडीआयडीच्या संकेतस्थळावर, म्हणजे स्वावलंबन कार्ड पोर्टलवर, अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. स्वतः जमत नसेल तर आपले सरकार सेवा केंद्रात जा. फोटो, सही किंवा अंगठ्याची प्रत, आधार, पत्त्याचा पुरावा आणि चालू मोबाइल क्रमांक लागतो. आधी प्रमाणपत्र मिळालेलं असेल तर "आहे" निवडून त्याची प्रत चढवा. अनेक जण "नाही" निवडून बसतात आणि झालेली तपासणी पुन्हा पहिल्यापासून करायची वेळ येते.

नाव आधारवर जसं आहे तसंच, स्पेलिंगसकट. मराठी नावाचं इंग्रजी स्पेलिंग दर कागदावर वेगळं असतं, तिथे आधारवरचंच धरा. मोबाइल क्रमांक घरातल्या अशा माणसाचा द्या जो पुढच्या वर्षीही तोच वापरणार आहे. केंद्रचालकाने स्वतःचा क्रमांक टाकू दिलात तर सगळे संदेश त्यालाच जातील.

*४.२ रुग्णालय निवडा.* अर्जात रुग्णालय निवडावं लागतं. सगळीकडे सगळ्या प्रकारची तपासणी होत नाही. अस्थिव्यंगाची सोय बऱ्याच ठिकाणी असते. ऐकण्याची, मानसिक आजाराची किंवा बौद्धिक अक्षमतेची तपासणी यंत्रं आणि तज्ज्ञ जिथे आहेत तिथेच होते. अर्ज भरण्याआधी एकदा जिल्हा रुग्णालयाच्या दिव्यांग कक्षात विचारून घ्या: या प्रकाराची तपासणी इथे होते का, आणि तपासणी करणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डाचा वार कोणता? भलत्या वारी गेलात तर केसपेपर काढून परत यायचं, एवढंच होतं.

*४.३ तपासणीला जाताना.* अर्जाची छापील पोच, मूळ आधार, जुने केसपेपर, शस्त्रक्रियेचे कागद, एक्स-रे, ऑडिओग्राम, चष्म्याचे नंबर, जे असेल ते तारखेच्या क्रमाने एका फायलीत लावा. कुबडी, कॅलिपर, श्रवणयंत्र, जे रोज वापरता ते घेऊन जा. डॉक्टरांनी विचारलं तर "तसं काही नाही, चालवून घेतो" असं म्हणू नका. आपल्या माणसांना दुखणं कमी करून सांगायची सवय असते. जिना चढता येतो का, भांडं उचलता येतं का, हे जसं आहे तसं सांगा. वाढवूनही नको. तपासणी करणाऱ्यांना ते लगेच कळतं.

*४.४ टक्केवारीचा हिशेब समजून घ्या.* दोन प्रकारचं दिव्यांगत्व असेल तर टक्के सरळ मिळवत नाहीत. सूत्र असं: मोठा आकडा घ्या, ९० मधून तो वजा करा, जे उरेल त्याला लहान आकड्याने गुणा, ९० ने भागा, आलेलं उत्तर मोठ्या आकड्यात मिळवा. पायाचं ४० आणि कानाचं ४० असेल तर लोकांना वाटतं ८०. हिशेब करून बघा: ९० वजा ४० म्हणजे ५०, गुणिले ४० म्हणजे २०००, भागिले ९० म्हणजे २२.२. एकूण ६२.२. साथीदाराच्या ६५ ला ते पोचत नाही. याउलट ३० आणि २० असतील तर ४३.३ येतात. वेगवेगळं बघितलं तर दोन्ही अपात्र, एकत्र मात्र पात्र. म्हणून दोन त्रास असतील तर दोन्हींची तपासणी मागा. एकाच विभागात जाऊन "चाळीस बसत नाही" ऐकून घरी बसलेले लोक मी पाहिले आहेत.

*४.५ पाठपुरावा.* २०२४ च्या सुधारित नियमांनुसार प्रमाणपत्र देण्यासाठी तीन महिन्यांची मुदत आहे. अर्जाच्या क्रमांकावरून पोर्टलवर स्थिती बघत राहा. मंजूर झाल्यावर प्रमाणपत्र आणि ई-कार्ड उतरवून घ्या, छापील कार्ड पोस्टाने येतं. पत्त्यात वाडी, वस्ती, पिनकोड नीट नसला की कार्ड परत जातं.

टक्केवारी कमी दिली असं प्रामाणिकपणे वाटत असेल तर ९० दिवसांच्या आत अपील करता येतं. नव्याने दुसरा अर्ज टाकू नका. एकाच आधारवर दोन अर्ज झाले की दोन्ही अडकतात.

> तपासा: कार्ड हातात आलं की पाच गोष्टी वाचा. नाव, जन्मतारीख, प्रकार, टक्केवारी, मुदत. तात्पुरतं प्रमाणपत्र असेल तर मुदतीची तारीख घरच्या कॅलेंडरवर तीन महिने आधी लिहून ठेवा आणि तेव्हाच नूतनीकरणाचा अर्ज करा. मुदत संपलेल्या कार्डावर सवलत मागणं म्हणजे पूर्ण तिकीट काढण्याची तयारी ठेवणं.

टप्पा ५: आरक्षण

खिडकीवर, एसटीच्या संकेतस्थळावर किंवा अॅपवर आरक्षण करताना प्रत्येक प्रवाशाच्या नावापुढे सवलतीचा प्रकार निवडायचा असतो. घरातली मुलं घाईत सगळ्यांना "साधारण" ठेवून पैसे भरतात. मग गाडीत ओळखपत्र दाखवून पैसे परत मागतात. कंडक्टरकडे परताव्याची सोय नसते. निघण्याआधी तिकीट तपासा, चूक दिसली तर ते रद्द करून नव्याने काढा.

ओळखपत्रावरचं नाव आणि आरक्षणावरचं नाव जुळलं पाहिजे. घरी "बापू" म्हणतात म्हणून आरक्षण बापूंच्या नावाने करू नका. आरक्षण सवलतीत केलं आणि प्रवासात ओळखपत्र दाखवता आलं नाही, तर भाडं पुन्हा भरावं लागतं. भाडं शून्य असलं तरी आरक्षणाचा आकार वेगळा मोजतात, तेवढे पैसे जवळ असू द्या.

टप्पा ६: गाडीत

चढलात, बसलात, की कंडक्टर येण्याआधी ओळखपत्र हातात घ्या. "पंचाहत्तर पूर्ण, अमुक गावाला" किंवा "दिव्यांग, साठ टक्के, अमुक गावाला" एवढं बोलणं पुरतं.

शून्य रुपयांचं तिकीट घेतलंच पाहिजे. "आम्हाला फुकट आहे, तिकीट कशाला?" असं म्हणत लोक हात हलवतात. मोफत प्रवासाचे पैसे राज्य सरकार एसटीला देतं आणि ते मशीनमधून निघालेल्या तिकिटांवर मोजले जातात. ते तिकीट नसेल तर तपासणी पथकाच्या लेखी तुम्ही विनातिकीट प्रवासी. गर्दीत कंडक्टर विसरला तर हाक मारून मागून घ्या.

तिकिटावर उतरण्याचं ठिकाण आणि सवलतीचा प्रकार वाचा. पुढे जायचं ठरलं तर नवं तिकीट घ्यायचं, शून्याचं असलं तरी. मधल्या गावी उतरून दुसरी गाडी पकडली की पुन्हा तिकीट.

साथीदाराचं तिकीट दिव्यांग प्रवाशासोबतच निघतं. दवाखान्यात पोचवून साथीदार एकटा परत येणार असेल, तर परतीला त्याचं पूर्ण तिकीट. उलट, दिव्यांग प्रवासी मागे आणि साथीदार पुढच्या गाडीत, हेही चालत नाही.

टप्पा ७: सवलत कुठे संपते

ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत आहे. कोल्हापूरहून बेळगावला, सावंतवाडीहून पणजीला किंवा सोलापूरहून हैदराबादला एसटीने जाताना हद्दीपर्यंतचं भाडं सवलतीत आणि पुढचं पूर्ण लागतं. पुढचे पैसे सोबत ठेवा. त्याच फलाटावर उभी असलेली कर्नाटकची किंवा गोव्याच्या कदंबाची गाडी एसटी नव्हे. तिथे एसटीची सवलत मागून उपयोग नाही, त्या त्या महामंडळाचे नियम चालतात. खासगी ट्रॅव्हल्सचा तर विषयच नको.

एसटीच्या शहरी फेऱ्यांनाही ज्येष्ठांची ही मोफत सवलत लागू नाही. सांगली-मिरज, रत्नागिरी अशा ठिकाणी एसटीच शहर वाहतूक चालवते. गाडी त्याच महामंडळाची, म्हणून लोक हक्काने चढतात आणि वाद होतो. पाटी बघा.

मुंबईची बेस्ट, पुण्याची पीएमपी, नवी मुंबई आणि ठाण्याची परिवहन सेवा, या सगळ्यांचे पास वेगळे. तिथे पाससाठी खरोखर अर्ज करावा लागतो आणि दिव्यांगांच्या मोफत पासाला त्या महापालिकेच्या हद्दीत राहत असल्याचा पुरावा बहुधा मागतात, कारण खर्च पालिकेच्या तिजोरीतून होतो. पालिकांना दिव्यांगांसाठी पाच टक्के निधी ठेवावा लागतो. गावाकडच्या पत्त्याचं आधार घेऊन मुलाकडे पुण्यात राहणाऱ्या आजोबांची अडचण इथेच होते. त्यांनी आधी पत्ता बदलावा, मग पासाच्या खिडकीवर जावं. पत्ता बदलताना यूडीआयडीमधला पत्ताही पोर्टलवरून बदलून घ्यावा. एकावर गाव आणि दुसऱ्यावर शहर असं ठेवू नये.

टप्पा ८: सवलत नाकारली तर

कागद बरोबर असूनही कधी कधी नाही म्हणतात. नवीन कंडक्टर, मशीनमध्ये प्रकार सापडत नाही, किंवा नुसताच कंटाळा. गाडीत भांडू नका. पुढच्या स्टँडवर गाडी थांबणार असेल तर तिथल्या वाहतूक नियंत्रकाकडे कार्ड दाखवायची विनंती करा. कंट्रोलर बाहेर येऊन एक वाक्य बोलला की बहुतेक वेळा काम होतं.

तेही शक्य नसेल तर मागितलेलं तिकीट काढा आणि जपून ठेवा. गाडीचा क्रमांक, मार्ग, सुटण्याची वेळ, कोणत्या आगाराची गाडी, कंडक्टरचा बिल्ला क्रमांक दिसला तर तो, एवढं लिहून घ्या. तिकिटावर बरीच माहिती छापलेली असते, पण तिची शाई महिनाभरात उडते, म्हणून त्याच दिवशी फोटो काढा.

तक्रार त्या गाडीच्या आगार व्यवस्थापकाच्या नावाने लेखी द्या. सोबत तिकिटाची आणि ओळखपत्राची प्रत जोडा, आणि तारीख-शिक्क्याची पोच घ्या. स्टँडवर तक्रार पुस्तक असतं, ते मागितलं तर द्यावं लागतं. फोनवर बोलायचं असेल तर एसटीचा मोफत क्रमांक १८००-२२-१२५०. आगाराने दाद दिली नाही तर पुढचा अर्ज विभाग नियंत्रकांकडे, आणि त्याला आगाराच्या पोचेची प्रत जोडायची.